नाताळच्या सुट्टीत चार दिवस कोलकाता: आजी आणि मुलांना घेऊन आखणी कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं पाच जणांचं कुटुंब: नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या आजी. आजी शाकाहारी आहेत आणि गुडघे दुखत असल्यामुळे जिने टाळतात. २०२६ च्या नाताळात चार दिवस एखाद्या शहरात जायचं आहे. मुलांना नाताळचा माहोल बघायचा आहे, गोवा दोनदा झालंय. मनात कोलकाता आहे, पण "तिथे त्या दिवसांत चेंगराचेंगरी असते" असं कुणीतरी घाबरवलंय. जयपूर, कोची आणि पाँडिचेरी हेही पर्याय लोकांनी सुचवलेत. कुठे जावं आणि कसं आखावं?

कुटुंबांच्या सहली आखून देणं हाच माझा धंदा आहे, म्हणून सरळ सांगते: कोलकात्यालाच जा. गर्दीची भीती खरी आहे, पण ती गर्दी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्यांवर होते. तिचं वेळापत्रक कळलं की तुम्ही तिच्या आधी पोहोचता आणि ती भरायच्या आत निघता. पुढची सगळी आखणी मी यावरच केली आहे.

बाकीच्या तीन शहरांचं आधी उरकते. जयपूर या आठवड्यात ऐन हंगामात असतं, आमेरच्या चढणीला आणि पायऱ्यांना आजींचे गुडघे साथ देणार नाहीत, शिवाय नाताळचं तिथे फारसं काही नाही. पाँडिचेरी सुंदर आहे, पण परतीचा मान्सून तमिळ किनाऱ्यावर डिसेंबरातही रेंगाळतो. चारांतले दोन दिवस पावसात गेले तर मुलं हॉटेलच्या खोलीत धुडगूस घालतील. कोची मला स्वतःला फार आवडतं, पण फोर्ट कोचीची खरी मजा तिथल्या कार्निव्हलची, आणि ती ३१ डिसेंबरच्या रात्री पप्पांजी या म्हातारबाबाचा पुतळा जाळतात तेव्हा टिपेला पोहोचते. २४ ते २७ मध्ये गेलात तर तुम्ही तयारीच बघून परत याल.

आता तारखा. यंदा २५ डिसेंबर शुक्रवारी आहे. गुरुवारची एक रजा टाकली की गुरुवार २४ ते रविवार २७ असे चार दिवस मिळतात. यात आणखी एक सोय आहे: कोलकात्यातली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि तुमच्या चार दिवसांत सोमवार येतच नाही. सोमवार जोडून पाचवा दिवस करायचा मोह होईल, पण तो दिवस निम्मा फुकट जातो.

जायचं विमानानेच. पुण्याहून हावड्याला आझाद हिंद एक्स्प्रेस आणि दुरंतो आहेत, पण एका बाजूचाच प्रवास तीस तासांच्या आसपास जातो. चार दिवसांच्या सहलीत तो परवडत नाही. हेच उत्तर नागपूरचं कुणी वाचत असेल तर त्यांचं गणित वेगळं. मुंबईहून येणारी गीतांजली संध्याकाळी नागपूरला पकडली की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. त्यांनी खुशाल रेल्वेने जावं. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे २४ डिसेंबरच्या गाडीसाठी २५ ऑक्टोबरला, दसरा होऊन गेल्यावर आणि दिवाळीच्या आधी. त्या दिवशी सकाळी आठ वाजता मोबाईल हातात घेऊन बसायचं. "दिवाळीनंतर बघू" म्हणणाऱ्यांना मग प्रतीक्षा यादी बघावी लागते.

विमानाची तिकिटं ऑगस्ट-सप्टेंबरातच काढा. नाताळच्या आठवड्यातलं भाडं शेवटी खाली येईल ही आशा धरू नका. थेट विमान अडीच तासांत पोहोचवतं. मधे थांबा असलेलं स्वस्त तिकीट या सहलीसाठी मी कुणालाही देत नाही. डिसेंबरात उत्तरेत धुकं पडतं, दिल्ली किंवा वाराणसीहून येणारं विमान अडकलं की त्याच विमानाच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या घसरतात. थांब्याच्या प्रवासात पुढचं विमान चुकलं तर सहा वर्षांचं पोर आणि आजी घेऊन तुम्ही विमानतळावर रात्र काढाल. आणखी एक: विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि त्या सुमारास वेळा बदलल्याचे संदेश येतात. ते न वाचता पुसू नका. सकाळी सातचं विमान दुपारी दोनचं झालं तर पहिला दिवसच जातो.

पाचही जणांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. एकाच पीएनआरवरच्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा आदेश आहे. त्यामुळे मुलांसाठी आसनाचे जादा पैसे भरायची घाई नको. आजींसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. आपल्याकडे ज्येष्ठांना त्यात कमीपणा वाटतो. "मी काय लुळी आहे का?" हे वाक्य मला दर हंगामात ऐकायला मिळतं. त्यांना सांगा, विमानतळावरचं चालणं वाचलं की तीच चाल रामकृष्ण मिशनच्या बेलूर मठात कामी येईल.

हॉटेलच्या बाबतीत जागा आधी ठरवा, मग दर बघा. न्यू टाऊन-राजारहाट भागात नवी कोरी हॉटेलं आहेत, विमानतळाजवळ आहेत आणि त्याच पैशात खोलीही ऐसपैस मिळते. तरी तिथे राहू नका. तुम्हाला बघायचं ते सगळं शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे आणि नाताळच्या संध्याकाळी त्या बाजूने येताना गाडीतच रात्र होते. नाताळची रोषणाई असते त्या ऐन पार्क स्ट्रीटवरही नको. २४ आणि २५ ला संध्याकाळी तो रस्ता वाहनांना बंद करतात, तुमची टॅक्सी दारापर्यंत येणार नाही आणि रात्री दीडपर्यंत पिपाण्या वाजत राहतात. एल्गिन रोड, भवानीपूर, कॅमॅक स्ट्रीटचा दक्षिणेकडचा भाग हे बरोबर अंतर आहे. रवींद्र सदन किंवा नेताजी भवन हे मेट्रो स्टेशन हाताशी राहतं आणि रोषणाई बघून पायी किंवा छोट्या टॅक्सीने परत येता येतं.

खोली ठरवताना तीन गोष्टी लेखी घ्या. एक, २४ तारखेला जबरदस्तीचं 'गाला डिनर' आहे का. बरीच हॉटेलं २४ आणि ३१ ला माणशी जेवणाचे पैसे सक्तीने लावतात, ते बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरात असतं आणि बिलात ठसठशीत येतं. दोन, मुलांचं वय. कुठे पाचपर्यंत फुकट, कुठे बारापर्यंत. तुमची मुलगी अकराची आहे, त्यामुळे हा फरक तुमच्या खिशातला आहे. तीन, लिफ्ट. कोलकात्याच्या जुन्या देखण्या वाड्यांतल्या हॉटेलांत ती नसते किंवा पहिल्या मजल्याच्या वर जात नाही. आणि कराचं गणित लक्षात ठेवा: खोलीचा एका रात्रीचा दर साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेला की १८. सात हजार चारशेची खोली आणि सात हजार सहाशेची खोली यांत दिसायला दोनशेचा फरक असतो, बिलात तो बाराशेच्या घरात जातो.

आता दिवसांकडे येऊ. त्याआधी एक गोष्ट, जी महाराष्ट्रातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. कोलकात्यात डिसेंबरच्या शेवटी सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. आपल्याकडे सहा वाजून गेल्यावरही उजेड असतो, तिथे सव्वापाचला दिवे लागतात. सकाळही तशीच लवकर होते, सव्वासहाला ऊन आलेलं असतं. पुण्याच्या सवयीने "दहाला निघू, दुपारी जेवू, चारला पुन्हा बाहेर पडू" असं केलंत तर उजेडाचे बरेचसे तास वाया जातात. सातला बाहेर, बारा-साडेबाराला परत, जेवण आणि आजी-नातवंडांची झोप, मग साडेचारला पुन्हा बाहेर. साधारण हीच घडी ठेवा. हवा उत्तम असते. दिवसा पंचविशीच्या आसपास, पहाटे तेरा-चौदा अंश. स्वेटर आणि आजींना एक शाल पुरे. बंगाली लोक त्याच हवेत माकडटोपी घालून फिरतात, त्यांच्याकडे बघून घाबरू नका.

या लवकरच्या अंधाराचा सगळ्यात मोठा फायदा तुम्हाला पहिल्याच दिवशी घ्यायचा आहे. गुरुवारी दुपारपर्यंत हॉटेलवर पोहोचा. विमानतळापर्यंत आता मेट्रो आली आहे, नोआपाडाला गाडी बदलून थेट पार्क स्ट्रीटला येता येतं, पण पाच माणसं आणि बॅगा असताना टॅक्सीच घ्या. जेवून आडवे व्हा. आणि पावणेपाचला पार्क स्ट्रीटवर हजर राहा. पाच-सव्वापाचला अंधार पडतो, डोक्यावरची सगळी रोषणाई लागते, आणि कचेऱ्या, कॉलेजं, उपनगरं यांची गर्दी मात्र सात-साडेसातला भरते. मधले दोन तास तुमचे. ॲलन पार्कमध्ये राज्य पर्यटन खात्याचा नाताळ महोत्सव भरतो, तिथे कॅरल ऐका, मुलांना लाल टोप्या घेऊन द्या, ढकलाढकली सुरू व्हायच्या आधी रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. फ्लुरीज हे केक-चहाचं दुकान १९२७ पासून पार्क स्ट्रीटवर आहे. बाहेर रांग दिसली तर उभे राहू नका, काचेतून बघा आणि पुढे चला. सातच्या ठोक्याला उलटं फिरा. परतीला पार्क स्ट्रीट मेट्रो स्टेशनात शिरू नका, तिथेच सगळा लोंढा उतरत असतो. दक्षिणेकडे थोडं चालून टॅक्सी घ्या. ज्यांना "मध्यरात्रीची पार्क स्ट्रीट" बघायची असते ती कॉलेजातली पोरं असतात. त्यांचं त्यांना लखलाभ.

त्याच संध्याकाळी बेलूर मठातही येशूची तसबीर मांडून, दिवे आणि केक ठेवून नाताळची पूर्वसंध्या साजरी करतात. आजी रामकृष्ण-विवेकानंदांच्या भक्त असतील तर त्यांच्यासाठी ती पार्क स्ट्रीटपेक्षा मोठी गोष्ट ठरेल. मग एक संध्याकाळ एकालाच द्या. दोन्ही करायला गेलात तर दोन्हीकडच्या रहदारीत अडकाल.

शुक्रवार, २५ तारीख. हा सबंध शहराचा सहलीचा दिवस. अलीपूरचं प्राणिसंग्रहालय, इको पार्क, सायन्स सिटी, व्हिक्टोरिया मेमोरियलची बाग, सगळीकडे माणसं डबे घेऊन येतात. मुलगा प्राणिसंग्रहालयासाठी हट्ट करेल. नका नेऊ. २५ डिसेंबर आणि १ जानेवारी हे तिथले वर्षातले सर्वाधिक गर्दीचे दिवस, मुलाला वाघाऐवजी लोकांच्या पाठी दिसतील. सगळं शहर दक्षिणेकडे आणि मैदानाकडे येत असताना तुम्ही उत्तरेकडे जा.

मेट्रोने शोभाबाजार-सुतानुटीला उतरा. रिक्षाने कुमारटुली. या गल्ल्यांत दुर्गेच्या मूर्ती घडतात हे ऐकून माहीत असतं, पण डिसेंबरात तिथे जायचं कारण वेगळं आहे. दुर्गापूजेच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आता मूर्तिकार निवांत असतात. बांबूच्या चौकटीवर पेंढ्याने बांधलेले, डोकं नसलेले देह भिंतीला टेकवून ठेवलेले असतात, एखाद्याच्या कंबरेपर्यंत पहिला मातीचा थर चढलेला, वर बोटांचे ओरखडे तसेच. मुलांना पुऱ्या झालेल्या मूर्तीपेक्षा हे जास्त आवडतं, कारण आत काय असतं ते दिसतं. आपल्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात साचा असतो, इथे देह पेंढ्यातून उभा राहतो. मुलीला हा फरक विचारा, ती नीट सांगेल. फोटो काढायच्या आधी विचारायचं, काही ठिकाणी थोडे पैसे मागतात, ते द्यावेत.

तिथून बागबाजार जवळच आहे आणि तिथे आपला एक जुना हिशेब आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर चालून जात होत्या. त्या घोडेस्वारांना, बारगिरांना, तिकडे 'बर्गी' म्हणत आणि आजही बंगालात बाळाला झोपवताना त्यांची भीती घालतात. १७४२ मध्ये कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खोदायला घेतला, तो मराठा डिच. मराठे शहरावर आलेच नाहीत, खंदकही पुरा झाला नाही आणि पुढे बुजवून टाकला. सर्क्युलर रोड बराचसा त्याच रेषेवरून गेला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे. बघण्यासारखं तिथे काही नाही, पाटीखाली मुलांचा फोटो काढा. शाळेत अटकेपार झेंडे शिकलेल्या मुलांनी, ज्यांच्या दारात ते घोडे आले त्यांनी काय लक्षात ठेवलं हेही ऐकावं.

परत येताना जलमार्ग घ्या. बागबाजार किंवा आहिरीटोला घाटावरून हावड्याला लाँच जाते. सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी असतात, म्हणून घाटावर पोहोचल्याबरोबर पुढची वेळ विचारा. लाँच हावडा पुलाजवळ येते तेव्हा तो खालून दिसतो. १९४३ मध्ये खुला झालेला हा पूल नट-बोल्ट न वापरता नुसत्या रिव्हेटनी जोडला आहे, हे मुलाला सांगा, तो पूल संपेपर्यंत मान वर करून बसेल. हावड्याला उतरून मेट्रोने नदीखालून एस्प्लनेडला या. हुगळीच्या तळाखालून जाणारी ही मार्गिका मार्च २०२४ पासून सुरू आहे. नदीखालचा पट्टा ५२० मीटरचा, गाडी तो पाऊण मिनिटात पार करते, बोगद्यात निळे दिवे लागतात. भारतातली पहिली मेट्रोही १९८४ मध्ये याच शहरात धावली. आजींसाठी: हावडा स्टेशन फार खोल आहे, सरकते जिने आणि लिफ्ट दोन्ही आहेत, घाई करू नका. धक्क्यावरून लाँचमध्ये चढताना मात्र दोघांनी हात धरा.

एस्प्लनेडहून थोडं उत्तरेला, सेंट्रल स्टेशनजवळ बो बॅरॅक्स आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यासाठी बांधलेल्या लाल विटांच्या, हिरव्या खिडक्यांच्या चाळी, आणि तिथे राहणारी अँग्लो-इंडियन कुटुंबं. रस्त्यात पताका, झाड, गव्हाणी, घरी केलेली आल्याची वाइन. गोव्याकडे नाताळच्या फराळात असतात तसे कुलकुल तिथेही मिळतात. अर्धा तास पुरे. लोकांची ती राहती घरं आहेत, दारात कॅमेरा घुसवणाऱ्या पाहुण्यांचा त्यांना उबग आलेला आहे.

दुपारनंतर काही करू नका. खरंच. संध्याकाळी हॉटेलच्या आसपास जेवा. सेंट पॉल्स कॅथीड्रल बघायचं असेल तर २५ ला नको, दुसऱ्या दिवशी सकाळी जा. १८४७ चं चर्च आहे, शेजारीच बिर्ला तारांगण आहे आणि व्हिक्टोरिया पायी अंतरावर. शनिवारची सकाळ या तिघांची. सातला व्हिक्टोरियाच्या बागेत, आतलं संग्रहालय उघडायच्या आधी, फक्त फिरायला येणारे लोक असतात आणि धुक्यात ती संगमरवरी इमारत तरंगते. नंतर चर्च, नंतर तारांगणाचा खेळ. तो बंगाली, हिंदी आणि इंग्रजीत वेगवेगळ्या वेळी असतो, हिंदीची वेळ आधी बघून ठेवा. (आणि ज्यांचा नाताळ हुकला त्यांच्यासाठी: शहरातले आर्मेनियन लोक तो ६ जानेवारीला करतात. बडाबाजाराजवळचं त्यांचं चर्च १७२४ चं आहे.)

शनिवारी दुपारी साडेतीनला बेलूर मठ. दुपारी मंदिर काही तास बंद असतं, म्हणून निघायच्या आधी त्या दिवसाची वेळ तपासा. नदीकाठची मोकळी हिरवळ, सपाट वाटा, आरती. आजींना या सहलीत सर्वाधिक काय आवडलं असं विचाराल तर बहुधा हेच सांगतील. बेलूरहून नदीपलीकडच्या दक्षिणेश्वरच्या काली मंदिराला होडीने जातात आणि सगळी प्रवासवर्णनं तेच सुचवतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाने ती वाट धरू नये, घाटाच्या पायऱ्या आणि डोलणारी फळी दोन्ही वाईट. गाडीने जा. दक्षिणेश्वरला मेट्रो स्टेशनपासून मंदिरापर्यंत स्कायवॉक आहे, त्याला सरकते जिने आहेत, आणि परतीला तीच मेट्रो तुम्हाला थेट रवींद्र सदनला आणून सोडते. शनिवारची संध्याकाळ असल्यामुळे दर्शनाची रांग लांब असेल तर बाहेरून नमस्कार करून निघा.

खाण्याचं बोलू, कारण आजींची काळजी तुम्हाला तीच आहे. बंगाल म्हणजे मासे, हे खरं, पण कोलकात्यात मारवाडी आणि गुजराती वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि तुम्ही राहणार त्या भवानीपूरच्या अंगाला शुद्ध शाकाहारी जेवण पावलोपावली मिळतं. एक्साइडच्या चौकातलं हल्दीराम तर सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा सकाळचा नाश्ता बंगाली करा: हिवाळ्यात ताज्या मटारचं सारण भरलेली कोडाइशुटीर कोचुरी आणि बटाट्याचा आलूर दम. लुची, म्हणजे मैद्याची पुरी, आणि खोबऱ्याचे तुकडे घातलेली छोलार डाळ, म्हणजे हरभऱ्याची डाळ. केकमध्ये अंडं असतं आणि नाताळच्या फळांच्या केकमध्ये बऱ्याचदा रम, म्हणून आजींना देण्याआधी विचारा.

केकसाठी न्यू मार्केटमधलं नाहूम. बगदादी ज्यू कुटुंबाने १९०२ मध्ये सुरू केलेलं हे दुकान, जुनी लाकडी-काचेची कपाटं, कागदात बांधून दिलेला काळपट, जड केक. २३-२४ ला त्याची रांग बाजारभर फिरते. तुम्ही नाताळनंतर जा. फळांचा केक शिळा होत नाही, मुरतो. मूळच्या गोव्याच्या साल्डाना कुटुंबाची १९३० ची बेकरीही शहरात आहे, गोवेकर तिथेही पोहोचलेच.

रविवारी सकाळी सामान हॉटेलात ठेवून इंडियन म्युझियमला जा, उघडल्या उघडल्या. १८१४ साली स्थापन झालेलं. सगळं बघायचं नाही. मुलांसाठी ममी आणि प्राण्यांचे प्रचंड सांगाडे, आजींसाठी भारहूतच्या स्तूपाचे कोरीव कठडे, बस. दीड तासात बाहेर. मागच्याच बाजूला न्यू मार्केट आहे, पण रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. केक घ्यायचा असेल तर शनिवारीच तारांगणानंतर वाट वाकडी करा. ज्यांना अजून पिवळी अँबॅसेडर टॅक्सी मिळाली नसेल त्यांनी आता शोधावी. या गाड्यांचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं आणि पंधरा वर्षं झालेल्या गाड्या रस्त्यावरून उतरत चालल्यात. ट्रामचंही तसंच, मार्ग फार आटलेत. दिसली तर बसा, पण तिच्यावर बेत रचू नका.

परतीचं विमान संध्याकाळी सहा-सातचं घ्या. रात्री अकराचं स्वस्त असतं, पण सोमवारी तुम्हाला ऑफिस आहे आणि त्याचं उशीर होण्याचं प्रमाणही जास्त.

घरी न्यायला नोलेन गूळ, म्हणजे हिवाळ्यातच मिळणारा खजुरीच्या रसाचा गूळ. पातळ झोला गूळ बॅगेत फुटला तर सगळे कपडे धुवायला जातात, त्यापेक्षा पाटाली ही त्याची वडी घ्या. संदेश घेताना दुकानदाराला कडा पाक, म्हणजे घट्ट प्रकार, मागा. नरम पाक चवीला उजवा, पण तो तिथेच खायचा, पुण्यापर्यंत त्याचा भरवसा नाही. जयनगरचा मोआ, म्हणजे लाह्या आणि नोलेन गुळाचा लाडू, दोन-तीन दिवसांत संपवा. मिठाईचे डबे हातातल्या पिशवीत ठेवा, गूळ मात्र चेक-इनच्या बॅगेत, प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून.